यंत्रसुरक्षाविषयक कायदे : वऱ्हाडातील जिनिंग व प्रेसिंग कारखाने

कामाच्या जागी वापरल्या जाणाऱ्या यंत्रांमुळे व उपकरणांमुळे काम करणाऱ्यास इजा पोहोचू नये, यासाठी यंत्राची रचना, बसवणी, संरक्षक आवरणे, देखभाल आणि तपासणी यांविषयी कारखानदारावर बंधने घालणाऱ्या तरतुदींना यंत्रसुरक्षाविषयक कायदे म्हणतात. भारतात अशा तरतुदींचा आरंभ १८८१ च्या कारखाने अधिनियमाने झाला. या कायद्यांचा इतिहास सामान्यतः मुंबईच्या कापडगिरण्यांच्या संदर्भात सांगितला जातो. तथापि वर्षातील काही महिनेच चालणाऱ्या हंगामी कारखान्यांच्या बाबतीत तो निराळ्या वळणाने गेला. वऱ्हाडातील सरकी काढण्याचे व रुईच्या गाठी बांधण्याचे, म्हणजेच जिनिंग व प्रेसिंगचे कारखाने हे त्याचे ठळक उदाहरण होय. यंत्राला कठडा कसा असावा, हा प्रश्न येथे तुलनेने लवकर सुटला. त्या कठड्यावर ज्याचा हक्क आहे असा कारखाना कोणता, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ वादाचा राहिला.

पार्श्वभूमी : १८५३ च्या तहान्वये निजामाने वऱ्हाडचा प्रदेश इंग्रजांच्या ताब्यात दिला. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धामुळे लँकाशरच्या गिरण्यांना होणारा अमेरिकन कापसाचा पुरवठा खुंटला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतील कापसाला अभूतपूर्व मागणी आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा मार्ग १८६७ मध्ये अकोला व बडनेऱ्यावरून नागपूरपर्यंत पोहोचला. खामगावचा फाटा १८७० मध्ये व अमरावतीचा १८७१ मध्ये सुरू झाला. यापूर्वी सरकी घरोघरी लाकडी चरकीवर काढली जाई आणि हे काम बहुधा स्त्रियाच करीत. रेल्वेने माल पाठवायचा तर तो थोड्या जागेत बसेल असा घट्ट दाबलेला असणे आवश्यक झाले. त्यामुळे प्रथम गाठी बांधण्याचे दाबकारखाने आणि त्यांच्या जोडीने वाफेवर चालणारे जिनिंग कारखाने उभे राहिले. खामगाव, अकोला व अमरावती या मोठ्या बाजारपेठांप्रमाणेच अकोट, दर्यापूर, अचलपूर, मोर्शी, वरूड अशा गावांतही जिनांच्या चिमण्या दिसू लागल्या. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले वरूड आज संत्र्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी त्याच्या औद्योगिक जीवनाचा आरंभ कापसापासूनच झाला.

या कारखान्यांचे काम शेतीच्या वेळापत्रकाशी बांधलेले असे. दिवाळीच्या सुमारास वेचणी सुरू झाली की जिना चालू होत आणि उन्हाळा वाढला की त्या थंडावत. मजूर शेतीतूनच येत व हंगाम संपताच शेतीकडे परतत. यंत्राशी त्यांचा संबंध वर्षातून चार-सहा महिनेच येई. त्यामुळे गिरणीकामगाराप्रमाणे यंत्राची अंगवळणी पडलेली ओळख त्यांच्यापाशी नसे, आणि दरवर्षी काही हात नव्यानेच यंत्रावर येत.

यंत्र व त्यातील धोके : वऱ्हाडात प्रचारात आलेली जिन ही अमेरिकेतील फोन्स मॅकार्थी यांनी १८४० मध्ये एकस्व घेतलेल्या रूळ-पद्धतीची होती. तीत चामड्याने मढविलेला रूळ फिरत असतो व त्याच्या पृष्ठभागाला एक स्थिर पाते टेकलेले असते. रुळाच्या खरखरीत पृष्ठभागाला चिकटून तंतू पात्याखाली ओढले जातात. सरकी मात्र पात्यापाशी अडते आणि वरखाली हलणारे दुसरे पाते तिला ठोकून जाळीतून खाली पाडते. आखूड व मध्यम धाग्याच्या कापसाला ही पद्धत मानवते व तंतू फारसे तुटत नाहीत. म्हणून करवतीच्या दात्यांची जिन अमेरिकेत रूढ झाली, तरी भारतात रुळाची जिनच टिकून राहिली.

जिनघरात अशा अनेक जिना एका ओळीत वा समोरासमोरच्या दोन ओळींत मांडलेल्या असत. प्रत्येक जिनेपाशी उभी राहून एक स्त्री हाताने कापूस घाली. सर्व जिनांना गती देणारा लांब मुख्य दंड बहुधा जमिनीच्या पातळीखालील बोगद्यासारख्या जागेतून जाई आणि त्यावरील कप्प्यांवरून चामड्याचे पट्टे वर येत. सरकीही याच खालच्या जागेत पडे. ती गोळा करण्यासाठी मजुराला फिरता दंड, कप्प्या व धावते पट्टे यांच्या लगत, अंधारात व धुळीत, वाकून काम करावे लागे. वर कापूस घालणाऱ्या स्त्रीची बोटे रूळ व पाते यांच्या फटीपासून थोड्याच अंतरावर असत. लुगड्याचा पदर, धोतराचा सोगा, सुटलेले केस किंवा हातातील कडे दंडावरील बाहेर आलेल्या खिळीत वा खुंटीत अडकले, तर दंड माणसालाच गुंडाळून घेई. पट्टा निसटल्यास इंजिन न थांबविता तो फिरत्या कप्पीवर पुन्हा चढविण्याचा प्रघात विशेष घातक ठरे. यांखेरीज बाष्पित्राचा स्फोट, रुईत अडकलेला खडा किंवा लोखंडाचा तुकडा घासून उडालेली ठिणगी व त्यातून भडकणारी आग हे धोके होतेच. दाबकारखान्यात दबलेला कापूस मोकळा करणारे ‘ओपनर’ यंत्र वापरले जाई. त्याचा खिळ्यांचा दंडगोल वेगाने फिरतो आणि मोठ्या प्रमाणावर धूळ उडवितो.

इंग्लंडमधील उगम : यंत्राला कुंपण घालण्याची सक्ती प्रथम इंग्लंडच्या १८४४ च्या कारखाने अधिनियमाने केली. वाफेचे इंजिन, प्रचक्र, पाणचक्की व गती वाहून नेणारी यंत्रणा सुरक्षित रीतीने बंदिस्त असावी आणि चालू यंत्राची सफाई मुलांकडून करून घेऊ नये, असे त्यात सांगितले होते. कारखानदारांनी या बंधनाला तीव्र विरोध केला. अपघात मजुराच्या निष्काळजीपणाने होतात, तेव्हा दोष यंत्राला देऊ नये, असे त्यांचे म्हणणे होते. १८५५ मध्ये त्यांनी यासाठी संघटना उभारली. चार्ल्स डिकन्स यांनी आपल्या साप्ताहिकातून तिच्यावर कठोर टीका केली. तथापि १८५६ च्या अधिनियमाने कुंपणाची सक्ती काही अंशी शिथिल झाली. पुढील शतकात न्यायालयांनी कारखानदारांचा हा युक्तिवाद क्रमाक्रमाने अमान्य केला. हिंडल विरुद्ध बर्टविसल (१८९७) या खटल्यात, माणसांच्या नित्याच्या वागण्यात ज्या यंत्रापासून इजेची वाजवी अपेक्षा करता येते ते यंत्र धोक्याचे होय, असे तत्त्व मांडले गेले. नित्याच्या वागण्यात अनवधानही येतेच. म्हणून कुंपण हे अनवधानापासूनही रक्षण करणारे असले पाहिजे. समर्स विरुद्ध फ्रॉस्ट (१९५५) या खटल्यात तर, कुंपण घातल्यास यंत्र निरुपयोगी होते, ही सबबही हाउस ऑफ लॉर्ड्‌सने मान्य केली नाही.

पहिले भारतीय अधिनियम (१८८१–१९११) : भारतात कारखानेविषयक कायद्याची मागणी दोन परस्परविरोधी प्रेरणांतून झाली. स्वस्त मजुरीवर चालणाऱ्या मुंबईच्या गिरण्यांची स्पर्धा लँकाशरच्या गिरणीमालकांना जाचक वाटत होती. दुसरीकडे सोराबजी शापुरजी बंगाली यांच्यासारखे मुंबईतील सुधारक मुलांच्या व स्त्रियांच्या स्थितीकडे लक्ष वेधीत होते. १८७५ मध्ये मुंबई सरकारने पहिला कारखाना आयोग नेमला आणि १८८१ मध्ये पहिला अधिनियम संमत झाला. त्यानुसार सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी झाली, सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांपुरते मर्यादित झाले, धोक्याच्या यंत्रांना कुंपण घालणे व अपघाताची वर्दी देणे या गोष्टी आल्या.

तथापि हा अधिनियम ज्याला लागू होई त्या कारखान्याची व्याख्या संकुचित होती. यांत्रिक शक्ती, किमान शंभर कामगार आणि वर्षातून किमान चार महिने काम अशा तीन अटी त्यात होत्या. पहिली अट जिनिंग कारखाना सहज पुरी करी. दुसरीत लहान जिना सुटत व तिसरीत थोडक्या हंगामाचे कारखाने सुटत. फिरत्या दंडापासून होणारी इजा हंगामाच्या पहिल्या दिवशीही तेवढीच गंभीर असते, हे उघड असूनही कायद्याने धोका यंत्रावरून न मोजता महिन्यांवरून मोजला. १८८४–८५ च्या मुंबई कारखाना आयोगापुढे खानदेशातील जिनांविषयी जी साक्ष झाली, तीत भर हंगामात पहाटेपासून रात्री उशिरापर्यंत स्त्रिया राबत असल्याचे उघड झाले. खानदेश व वऱ्हाड यांतील जिनांची घडण एकच असल्याने ही साक्ष वऱ्हाडच्या स्थितीवरही प्रकाश टाकते. थकलेल्या माणसाचे लक्ष यंत्रावरून ढळते. म्हणून कामाचे तास हा यंत्रसुरक्षेचाच एक भाग ठरतो. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईत गिरणीकामगारांच्या सभा भरवून सु. ५,५०० कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगाला सादर केले होते. साप्ताहिक सुट्टी, दुपारची विश्रांती आणि कामावर इजा झालेल्यास साहाय्य या त्यातील प्रमुख मागण्या होत्या. हंगामी कारखान्यातील मजुरांची मात्र अशी संघटना नव्हती.

१८९१ च्या अधिनियमाने कामगारसंख्येची अट पन्नासवर आणली व प्रांतिक सरकारांना ती वीसपर्यंत उतरविण्याची मुभा दिली. स्त्रियांच्या कामाची मर्यादा अकरा तास ठरली. चार महिन्यांपेक्षा कमी काळ चालणारे हंगामी कारखाने कायद्याच्या कक्षेत आले ते १९११ च्या अधिनियमाने. यंत्राला कुंपण हवे हे तत्त्व मान्य झाल्यापासून ते सर्व हंगामी कारखान्यांना लागू होण्यास अशी तीस वर्षे लागली.

वऱ्हाडच्या बाबतीत आणखी एक अडचण होती. हा प्रदेश निजामाच्या नाममात्र स्वामित्वाखाली असल्याने तांत्रिक दृष्ट्या तो ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नसे. १९०२ च्या कराराने तो कायम भाडेपट्ट्याने इंग्रजांकडे आला व १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. तरीही ब्रिटिश हिंदुस्थानचे अधिनियम येथे आपोआप लागू न होता स्वतंत्र अधिसूचनेने लागू करावे लागत. ही गुंतागुंत कमी करण्यासाठी पुढे १९४१ चा वऱ्हाड कायदे अधिनियम करण्यात आला.

दोन महायुद्धांमधील काळ : आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेची १९१९ मध्ये स्थापना झाल्यानंतर भारतीय कामगार कायद्यांना वेग आला. १९२२ च्या अधिनियमाने यांत्रिक शक्ती वापरणारे व वीस किंवा अधिक कामगारांचे सर्व कारखाने कायद्याखाली आणले. १९२३ मध्ये बाष्पित्रांविषयीचा अखिल भारतीय अधिनियम झाला. बाष्पित्राची नोंदणी, नियतकालिक तपासणी व प्रमाणपत्राशिवाय वापरास मनाई ही त्याची प्रमुख अंगे होत. या अधिनियमाची जागा २०२५ मध्ये नव्या बॉयलर अधिनियमाने घेतली. १९२५ चा कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखाने अधिनियम मुख्यतः कापसातील भेसळ रोखण्यासाठी होता. प्रत्येक गाठीवर कारखान्याची खूण व क्रमांक घालण्याची सक्ती त्याने केली. त्याचबरोबर नव्या जिनघरांत कच्चा कापूस आत आणण्याची व रुई बाहेर नेण्याची वाट वेगळी असावी, असेही ठरविले. मालाच्या शुद्धतेसाठी केलेल्या या वाटा गर्दी कमी करून सुरक्षिततेलाही उपकारक ठरल्या. मालाच्या शुद्धतेला राज्यकर्ते व व्यापारी यांच्या लेखी किती महत्त्व होते, हेही यावरून दिसून येते.

व्हिटली यांच्या अध्यक्षतेखालील शाही कामगार आयोगाने (१९२९–३१) हंगामी कारखान्यांचा स्वतंत्र विचार केला. त्यानंतरच्या १९३४ च्या अधिनियमाने बारमाही व हंगामी असे कारखान्यांचे दोन वर्ग पाडले. बारमाही कारखान्यांसाठी आठवड्याचे कमाल चोपन्न तास, तर हंगामी कारखान्यांसाठी साठ तास ठरविण्यात आले. यंत्राच्या कुंपणाचे नियम दोहोंना सारखेच होते. परंतु त्या यंत्रापाशी उभे राहण्याचा काळ जिनेतील मजुरासाठी अधिक धरला गेला.

कारखाने अधिनियम, १९४८ : स्वातंत्र्यानंतर संमत झालेला हा अधिनियम १ एप्रिल १९४९ पासून अंमलात आला. त्याने हंगामी व बारमाही हा भेद काढून टाकला आणि व्याख्येची कसोटीच बदलली. यांत्रिक शक्ती असल्यास दहा व नसल्यास वीस कामगार मागील बारा महिन्यांतील कोणत्याही एका दिवशी कामावर असले, तर तो परिसर कारखाना ठरू लागला. १८८१ मध्ये जेथे चार महिन्यांची अट होती, तेथे आता एक दिवस पुरेसा झाला. जिनिंग कारखान्यांच्या दृष्टीने हा बदल कोणत्याही एका संरक्षक तरतुदीपेक्षा मोलाचा होता.

अधिनियमाच्या चौथ्या प्रकरणात सुरक्षेच्या तरतुदी आहेत. कलम २१ नुसार प्रेरक यंत्राचा प्रत्येक हलता भाग, प्रचक्र, गती वाहून नेणारी यंत्रणा व अन्य यंत्रांचे धोक्याचे भाग मजबूत बांधणीच्या संरक्षकांनी बंदिस्त असले पाहिजेत. आणि तो भाग गतिमान वा वापरात असेपर्यंत ते संरक्षक सतत जागेवर व सुस्थितीत राखले पाहिजेत. केवळ कठडा पुरविल्याने कर्तव्य संपत नाही, तो जागेवर राहील हे पाहणेही कारखानदाराचेच काम आहे, हा या कलमाचा गाभा होय. कलम २२ नुसार चालू यंत्राची तपासणी वा वंगण देणे अपरिहार्य असेल, तर ते विशेष प्रशिक्षित, अंगाबरोबर बसणारे कपडे घातलेल्या व नोंदवहीत नाव असलेल्या प्रौढ पुरुषानेच करावयाचे असते; हे कपडे भोगवटादाराने पुरवावयाचे असतात. पट्टा सरकविण्याची योग्य साधने व आणीबाणीत शक्ती तोडण्याची सोय कलम २४ मध्ये, तर फिरत्या दंडावरील खिळी व खुंट्या आत बसविलेल्या किंवा झाकलेल्या असण्याची अट कलम २६ मध्ये आहे. या अटीचा भंग करणारे यंत्र विकणाराही शिक्षेस पात्र होता. उचलयंत्रे, साखळ्या, दोर व दाबपात्रे यांची सक्षम व्यक्तीकडून ठरावीक मुदतीने तपासणी, तसेच आगीपासून संरक्षण यांचाही त्यात समावेश आहे.

कलम २७ थेट कापसाच्या धंद्याविषयी आहे. दाबकारखान्याच्या ज्या भागात कापूस मोकळा करणारे ओपनर यंत्र चालू असेल, त्या भागात स्त्री वा बालकास कामावर ठेवता येत नसे. मात्र यंत्राचे कापूस घालण्याचे तोंड व कापूस बाहेर पडण्याचे तोंड यांमध्ये छतापर्यंत, किंवा निरीक्षक लेखी ठरवून देईल तितक्या उंचीपर्यंत, भिंत असल्यास कापूस घालण्याच्या बाजूस त्यांना काम देता येई. पूर्वीच्या अधिनियमातून चालत आलेली ही तरतूद विचार करण्याजोगी आहे. संरक्षणाचे दोन मार्ग तीत शेजारी शेजारी दिसतात : पहिल्यात माणसाला यंत्रापासून दूर केले जाते, दुसऱ्यात यंत्राला माणसापासून. पहिल्या मार्गाने इजा टळते, पण रोजगारही जातो. दुसऱ्याने दोन्ही राखता येतात, परंतु त्यासाठी कारखानदाराला खर्च करावा लागतो.

विदर्भ १९५६ मध्ये मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. त्यानंतर करण्यात आलेल्या महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ यांत जिनिंग कारखान्यासाठी खास तरतूद आहे. जमिनीच्या पातळीखालील मुख्य दंड सलग भिंतीने वा चढून जाता येणार नाही अशा कुंपणाने पूर्णपणे बंदिस्त असावा. सरकी काढणे, सफाई व वंगण देणे यांसाठी आवश्यक तेवढीच दारे त्याला असावीत व ती बंद करून कुलूप लावून ठेवावीत, असे हा नियम सांगतो. जिनघराखालच्या त्या अंधाऱ्या जागेची संपूर्ण रचना या नियमात उमटली आहे.

पुढील सुधारणांपैकी १९७६ च्या सुधारणेने एक हजार किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची तरतूद केली. जिनिंग कारखान्यांना तिचा उपयोग नव्हता, कारण त्यांचा आकार तेवढा नसे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर आलेल्या १९८७ च्या सुधारणेने यंत्राच्या निर्मात्यावर व पुरवठादारावरही सुरक्षेचे सामान्य कर्तव्य टाकले आणि शिक्षा वाढविल्या. सुरक्षेच्या तरतुदींच्या भंगामुळे मृत्यू ओढवल्यास दंड किमान २५,००० रुपये व गंभीर इजा झाल्यास किमान ५,००० रुपये करण्यात आला. कायद्याच्या अंमलबजावणीसाठी राज्यात कारखाने निरीक्षक यंत्रणा आहे. ती आता औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय या नावाने ओळखली जाते. हंगाम थोडक्या महिन्यांचा व जिना गावोगाव विखुरलेल्या असल्याने, ज्या दिवसांत यंत्रे चालू असतात त्याच दिवसांत सर्वत्र तपासणी पुरी करणे हे या यंत्रणेपुढील कायमचे आव्हान राहिले आहे. प्रशिक्षण व प्रबोधनाच्या क्षेत्रात मुंबई येथील मध्यवर्ती कामगार संस्था व ४ मार्च १९६६ रोजी स्थापन झालेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद यांचे कार्य उल्लेखनीय आहे. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

नुकसानभरपाई व विमा : कुंपण असूनही किंवा नसल्यामुळे अपघात झाला, तर भरपाईचा प्रश्न येतो. कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ हा १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याने मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज उरू दिली नाही. इजा कामामुळे व कामाच्या ओघात झाली एवढे पुरेसे ठरले. त्याच्या अनुसूचीत प्रत्येक अवयवहानीमुळे कमावण्याची शक्ती किती घटते याचे प्रमाण दिले होते. सुधारलेल्या अनुसूचीनुसार अंगठा गेल्यास ३०, तर तर्जनी पूर्ण गेल्यास १४ टक्के हानी धरली जाई. कामगाराने संरक्षक साधन हेतुपुरस्सर काढून टाकले असल्यास, प्राणघातक नसलेल्या इजेची भरपाई नाकारण्याची मुभा मालकाला होती. त्यामुळे कठडा कोणी व कोणाच्या सांगण्यावरून काढला, हा अशा दाव्यांतील कळीचा प्रश्न होई.

कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ याने औद्योगिक कामगारांना वैद्यकीय उपचार व अपंगत्वाचे निवृत्तिवेतन दिले. परंतु हंगामी कारखाने त्यातून वगळण्यात आले आणि हंगामी कारखान्यांच्या व्याख्येत जिनिंग व प्रेसिंगचा नामनिर्देश आहे. एकाच वर्षी झालेल्या दोन अधिनियमांपैकी एकाने हंगामाचा भेद पुसला व दुसऱ्याने तो राखला. परिणामी जिनेतील मजुराला यंत्राचे कुंपण मिळाले. इजेनंतरचा विमा मात्र मिळाला नाही.

कारखान्याबाहेरील यंत्रे : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वऱ्हाडातील शेतीतही यंत्रे आली. ज्वारी, गहू, तूर व पुढे सोयाबीन यांच्या मळणीसाठी शक्तीवर चालणारे मळणी यंत्र वापरात आले. त्याच्या एका मोठ्या प्रकाराला या भागात ‘हडंबा’ म्हणतात. पीक आत ढकलताना हात ओढला जाणे हा त्याचा नेहमीचा अपघात. शेत हे कारखान्याच्या व्याख्येत बसत नसल्याने १९४८ च्या अधिनियमाचे कुंपण या यंत्रापर्यंत पोहोचत नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी संसदेने धोकादायक यंत्रे (विनियमन) अधिनियम, १९८३ संमत केला. मळणी यंत्राच्या निर्मात्याला व विक्रेत्याला परवाना, यंत्राने ठरावीक मानके पाळणे, वापराच्या सूचनांची पुस्तिका व इजा झालेल्यास भरपाई अशा तरतुदी त्यात आहेत. येथे कायद्याने यंत्र कोठे चालते हे न पाहता ते कसे घडविले आहे हे पाहिले, ही त्याची विशेषता होय. वरूड व मोर्शी परिसरात संत्र्यांच्या बागांसाठी भूजलाचा उपसा अतोनात वाढून विहिरी खोल खोल गेल्या. त्यातील दगड-माती काढणाऱ्या यारीवर व तिच्या दोरावर काम करणारा मजूरही कारखान्याच्या व्याख्येबाहेरच राहिला; वस्तुतः कारखान्यातील उचलयंत्रांच्या साखळ्या-दोरांची नियतकालिक तपासणी कायद्याने कधीच बंधनकारक केली होती.

आधुनिकीकरण व नवी संहिता : भारत सरकारने २००० मध्ये सुरू केलेल्या कापूस तंत्रज्ञान अभियानात जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचे आधुनिकीकरण हा एक भाग होता. त्यानंतर हवेच्या झोताने कापूस वाहून नेणाऱ्या नळ्या, स्वयंचलित भरणयंत्रे, सरते पट्टे व जलशक्तीवर चालणारे दाबयंत्र यांचा प्रसार झाला. हाताने कापूस घालणे जेथे थांबले, तेथे बोटे आणि रूळ यांतील जुना संबंध तुटला. धोका मात्र नाहीसा न होता स्थान बदलून सरते पट्टे, दाबयंत्र, विजेची जोडणी व आग यांकडे गेला. यंत्राजवळची माणसेही कमी झाली.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली आणि १९४८ चा कारखाने अधिनियम तीत विलीन झाला. यंत्रांविषयीचे तपशील आता मूळ कायद्यात नसून संहितेखालील मानकांवर व नियमांवर सोपविलेले आहेत. संहितेने स्त्रियांना सर्व प्रकारच्या कामांत प्रवेश दिला आणि धोक्याच्या कामी पुरेशा संरक्षणाची अट घातली. कलम २७ मधील दुसऱ्या मार्गाचा हा विस्तारच म्हणता येईल. मालकाच्या कर्तव्यच्युतीमुळे मृत्यू ओढवल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा किमान पाच लाख रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात, आणि दंडाची निम्मी वा अधिक रक्कम वारसांना देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. त्याचबरोबर कारखाना ठरण्यासाठी लागणारी कामगारसंख्या शक्ती असल्यास दहावरून वीस व नसल्यास वीसवरून चाळीस झाली आहे. दहा किंवा अधिक कामगारांची जागा आस्थापना या नात्याने संहितेच्या सामान्य कर्तव्यांखाली राहते. पण कारखान्याला लागू होणाऱ्या विशेष तरतुदींची सीमा वर सरकली आहे. सामाजिक सुरक्षेच्या संहितेतही राज्य विम्यातून हंगामी कारखाने वगळलेलेच आहेत.

यंत्रसुरक्षेच्या कायद्यांचे मूल्यमापन करताना सामान्यतः कुंपणाची उंची, तपासणीची मुदत व दंडाची रक्कम यांकडे लक्ष दिले जाते. वऱ्हाडच्या जिनांचा इतिहास त्यापूर्वीच्या एका प्रश्नाकडे लक्ष वेधतो. दंडाला भिंत हवी, हे १८८१ मध्येच ठाऊक होते. ती भिंत कोणत्या जिनघरात बांधणे सक्तीचे, हे मात्र महिने, माणसे व शक्ती यांच्या मोजणीवर अवलंबून राहिले, आणि ती मोजणी दर पिढीत बदलत गेली. आधुनिक जिनेत माणसे थोडी असल्याने संख्येची कसोटी आता अधिकच निर्णायक झाली आहे. फिरता दंड त्याच्याजवळ दहा माणसे आहेत की वीस, हे पाहत नाही. कायद्याला मात्र ते पाहावे लागते, आणि या दोहोंतील अंतर जेवढे कमी, तेवढा तो कायदा आपल्या हेतूच्या जवळ असतो.